पुसलेली पूररेघ

घाटाखालच्या आमच्या गावात पूर ओसरला की भिंती रंगवतात, पण चिखलाची रेघ बोटभर तशीच सोडून. पाणी कुठवर चढलं होतं ते डोळ्यांसमोर राहावं म्हणून. काल ग्रामपंचायतीत शिरलो आणि डोकंच फिरलं. रंगारी नेमका त्या रेघेवरून ब्रश फिरवत होता.

"अहो, हे काय करताय?"

"सरपंच म्हणाले, उद्या साहेब येणारेत, भिंत स्वच्छ हवी."

साहेब कशाला येणार होते? पुराच्या धोक्याची बैठक घ्यायला!

वर डोंगर पोखरून रस्ते काढले, झाडी भुईसपाट केली. पाऊसही आता महिन्याभराचा एका संध्याकाळीच कोसळतो. नदीने जावं तरी कुठे? ती आमच्या भिंतीवर येऊन सांगून जाते आणि आम्ही त्यावर रंग फासतो. पुराची भीती नाही, डागाची मात्र लाज!

आज बैठकीत साहेबांनी विचारलं, "पाणी साधारण कुठपर्यंत येतं?"

सगळे त्या पांढऱ्याशुभ्र भिंतीकडे बघत बसले. मी तावातावाने उठलो, भिंतीपाशी जाऊन हात उंच केला. टाचाही उचलल्या. तरी रेघेची जागा बोटांच्या वरच राहिली.