छावणीतून आलेलं कोपरा कापलेलं कार्ड

माझा थोरला भाऊ पलटणीत खेचरं सांभाळायला होता. चीन देशात तिथलीच माणसं आपसांत लढत होती, आणि गोऱ्यांच्या वस्तीवर पहारा म्हणून सरकारनं त्याची पलटण तिकडं धाडली. आम्ही मोडनिंबजवळचे मेंढरंवाले. त्या भांडणाशी आमचा काडीचा संबंध नव्हता, पण माणूस आमचा अडकला.

छावणीतून त्याची कार्डं यायची. घरात कुणालाच अक्षर येत नव्हतं, म्हणून टपालवालाच वाचून दाखवायचा. "इकडे सर्व क्षेम, काळजी नसावी." शेजारच्या गावचा एक गडी त्याच छावणीत होता, त्याचं कार्डही शब्द न् शब्द तसंच. सगळ्यांची पत्रं लिहिणारा कारकून एकच, त्याला कोण काय करणार? पण आईच्या डोक्यात किडा शिरला. "ह्ये माझा ल्योक बोलत न्हाय. त्यो गेला, आन् ही मान्सं दडवत्यात," म्हणायची. शेवटी तिनं टपालवाल्याकडून लिहून घेतलं, "तू जित्ता हायस ह्ये मला पटंल असं कायतरी धाड."

उत्तर आलं तेव्हा टपालवाला उंबऱ्याबाहेरच थबकला. कार्डाचा कोपरा गेलेला होता. आमच्याकडं मर्तिकाचं पत्र कोपरा फाडूनच धाडतात, आणि ते घरात घेत नाहीत. ते वाचायला त्याची जीभ उचलेना. आईनं जागीच बसकण मारली. चुलतीनं बांगड्या फोडायला वहिनीचा हात धरला. एवढी कसली घाई झाली होती कोण जाणे, मला आजही त्या बाईचा राग येतो.

वहिनीनं हात सोडवला आणि कार्ड ओढून घेतलं.

"ह्ये फाडल्यालं न्हाय. कापलंय," ती म्हणाली.

कळपात मेंढरं ओळखू यावीत म्हणून प्रत्येक घर कोकराच्या कानाला आपली खूण कापतं. आमची खूण म्हणजे तिरपा काप आणि त्याच्याखाली एक खाच. कार्डाला तीच होती. मग टपालवाल्यानं वाचलं, तर आत कारकुनाच्या नेहमीच्याच दोन ओळी.

वहिनी भिंतीला टेकून बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मी हसत होते. आई मात्र कार्ड मांडीवर घेऊन त्या खाचेवरून बोट फिरवत होती.

"हाय की जित्ता," ती म्हणाली. "पर असलं कार्ड घरी धाडू न्हाई, ह्ये इसरला. लई लांब गेलाय माझा ल्योक."