बुधवारी इब्रा दाखवायला नेलं त्याची गोष्ट

कंपनीने माझी बदली आखाताच्या किनाऱ्यावरच्या सीबहून आत डोंगरातल्या इब्राला केली, तेव्हा आमच्या स्वयंपाकघरातून बायकोचा निकाल आला: "तुम्ही जा. आम्ही दोघी इथेच." म्हणजे पन्नाशीला टेकलेला मी चार एसी मेकॅनिकांबरोबर एका खोलीत राहणार आणि स्वतःच्या हातची डाळ खाणार. माझ्या हातची डाळ मीसुद्धा खात नाही. तेव्हा यांचं मन वळवायलाच हवं होतं. मुलीच्या हिवाळी सुट्टीत, एका बुधवारी, मी दोघींना गाडीत घालून तो मुलूख दाखवायला निघालो.

साइटच्या कामाला मी तिकडे सहा-सात वेळा जाऊन आलो होतो, त्यामुळे अर्थातच जाणकार होतो. डोंगरामागे डोंगर, सगळे एकाच भट्टीत भाजलेले. मध्येच फाटा, फाट्यावर गाव. गाव म्हणजे एक पेट्रोल पंप, एक मलबारी कॉफी शॉप, एक शिंपी, एक लॉन्ड्री, मशीद आणि मागे खजुराची बाग. पुढच्या गावात लॉन्ड्री आधी, शिंपी नंतर. मी म्हटलं, बघा, किती विविधता आहे. मागून मुलीने विचारलं, "बाबा, हे तेच गाव आहे ना? आपण राउंड मारला?" एरवी तिचं मराठी अडखळतं. नेमकं तेव्हा नाही अडखळलं.

बागांना पाणी नेणारा फलज दाखवला, तर बायको म्हणाली की असा पाट तिच्या माहेरी गुहागरला परसातच आहे, त्यासाठी समुद्र ओलांडायची गरज नव्हती. मग तिने विचारलं, बाईडॉक्टर कुठे आहे, कोथिंबीर कुठे मिळते, आणि बोलायला कोण आहे? मला फक्त साइटवरचे जनरेटर कुठे आहेत ते माहीत होतं.

हुकमाचं पान म्हणून इब्राचा सूक, म्हणजे बाजार, राखून ठेवला होता. तिथे म्हटलं, "तुम्ही मागे राहा, भाव मी करतो. तुम्हाला अरबी येत नाही." माझं अरबी यल्लापासून, म्हणजे ‘चला’पासून, सुरू होतं आणि खलासला संपतं. छाती काढून दहा पावलं आत गेलो असेन. कापड, अत्तर, धूप मांडून बसलेल्या सगळ्या बायका. घेणाऱ्याही बायकाच. एक आजी काठी टेकत उठल्या आणि हिंदीत, अगदी शांतपणे म्हणाल्या, "भाई, बुधवार औरतों का बाज़ार है. बाहर."

सहा-सात फेऱ्यांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मीही जनरेटर सोडून कुणाला काही विचारलं नव्हतं.

दीड तास गाडीत बसलो. बाजूच्या गाड्यांत एसी लावून इतर नवरे बसले होते. एकाने खिडकीतून खजूर दिला आणि पहिल्यांदाच आलात का, असं विचारलं. मी मान डोलावली. मनात मेकॅनिकांच्या त्या खोलीतली माझी खाट कुठल्या भिंतीला लावायची, ते ठरवत होतो.

दोघी आल्या. मुलीच्या हातावर मेंदी होती. बायकोने सीटबेल्ट लावत सांगितलं की बाईडॉक्टर शाळेमागच्या गल्लीत बसतात, कोथिंबीर बांगलादेशी भाजीवाल्याकडे मिळते, आणि त्या काठीवाल्या आजींच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे.

"मग?" मी विचारलं.

"त्या पांढऱ्या गाडीत आजी आहेत. त्यांच्या मागे घ्या, जागा बघू. आणि शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपली की रविवारी हिच्या शाळेच्या प्रवेशाचं विचारून या."

मी गाडी सुरू केली.

"आणि अहो," ती म्हणाली, "तिथे बोलेन मी."