एका बादलीला एक टोपण

दुधाची किटली निर्जंतुक करायचं औषध लय चांगलं असतं. फक्त ते माझ्या हातात देऊ नये.

माझी बायको हौसा जाऊन आठ महिने झाले. ती होती तोवर किटली तीच घासायची. डेअरीत नावही तिचंच. रोज सकाळी सेक्रेटरी जालिंदर दुधाचा वास घेतो आणि ओरडतो, "हौसाबाई, पास!" तेवढं ऐकायला मी जातो. नुसतं दूध घालायचं काय, ते सूनही घालून येईल.

उन्हाळ्यात जालिंदरनं दम दिला, "तात्या, किटलीला वास मारतोय. एकदा जरी दूध परत गेलं, तर ह्ये नाव बंद!"

नाव बंद! मी तडक घरी येऊन सुनेला सांगितलं. सुनेनं त्याच दिवशी उंब्रजवरनं औषध आणलं. "तात्या, एका बादलीला एक टोपण. त्यात किटली भिजवायची. मग तीन पाण्यानं खळखळून धुवायची. ध्यानात ऱ्हाईल न्हवं?"

"अगं, मी काय खुळा हाय व्हय?"

(हा प्रश्न मी ज्याला ज्याला विचारला, तो गप्प बसला.)

एका टोपणानं कसले जंतू मरतात? मी चार ओतली! डोळ्यांतनं पाणी आलं. म्हटलं, औषध जालीम आहे! असं पाणी नुसत्या किटलीवर वाया का घालवा? किटली काठोकाठ भरली आणि तोंडातली कवळीही काढून आत सोडली. "तुमच्या तोंडाला वास येतोय," हे हौसाचं जन्माचं गाऱ्हाणं. म्हटलं, तेही मिटेल!

सकाळी उठायला उशीर झाला. किटली उपडी केली, औषध गटारात, एकच पाणी मारलं, धार काढून दूध ओतलं आणि निघालो. (कवळी किटलीच्या गळ्याखाली अडकून राहिली होती. दात मी जेवणापुरतेच घालतो, त्यामुळं आठवण कसली!) वाटेत किटलीतनं खडखड येत होती. मी सायकलच्या मडगार्डला शिव्या घातल्या.

जालिंदरनं झाकण काढलं आणि मागं सरकला. "तात्या, म्हस दवाखान्यात बांधली काय?"

"तू ओत तरी!"

त्यानं गाळणीवर किटली उलटी केली. दूध खालच्या बादलीत गेलं. वर राहिली माझी कवळी! पांढरीफेक! जालिंदरकडं बघून हसतेय!

रांगेतला शिवा किंचाळला, "आयला, तात्याच्या म्हशीला दात आलं!"

"आवं तात्या, दूध प्यायचं का चावायचं?" मागनं एक म्हातारी.

जालिंदरनं तोंड उघडलं, "हौसाबाई..."

मी उडी मारून त्याचं तोंडच दाबलं! "तिचं नाव घिऊ नगंस! तिनं घातलेलं थेंबभर दूध कवा परत आलं न्हाई. चूक माझी, दात माझं. नाव बी माझंच घे!"

जालिंदरनं एकदा कवळीकडं बघितलं, एकदा माझ्या बोळक्याकडं. मग छाती फुगवून ओरडला, "शंकरतात्या, परत!"

दूध मी माझ्याच हातानं गटारात ओतून दिलं. कवळी मात्र तीन पाण्यानं धुतली! दुसऱ्या दिवशी जालिंदर रोजच्यासारखाच ओरडला, "हौसाबाई, पास!"

माझं नाव असं चारचौघांत याआधी एकदाच पुकारलं होतं, चौथीच्या निकालाला. तेव्हाही मला परतच पाठवलं होतं!