दादू पाडेल्याचा संकासूर

दादू जन्मला तो वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला घेऊन. बारशाला नाव ठेवायच्या आधीच वाडीतल्या बायांनी त्याला ‘फाटक्या’ करून टाकला. त्यात माझी सासूही होती. मी सगुणा, त्याची शेजारीण. लग्न होऊन या वाडीत आले तेव्हा तो ऐन तिशीत होता आणि लोकांचे नारळ पाडून पोट भरत होता. पाडेली म्हणून त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण खाली उतरून बोलायला लागला की शब्द नाकातून यायचे, आणि पोरं तस्संच बोलून दाखवायची. एकदा गुहागरकडे मुलगी बघायला गेला. मुलीने त्याचं तोंड बघितलं नि चहाचा कप तिथंच टाकून पळाली. वाडी ते वर्षानुवर्षं मिटक्या मारत सांगत होती.

आणि शिमगा आला की हाच दादू आमचा देव! शिमग्यात दारोदार नाचत फिरणाऱ्या खेळ्यांतल्या संकासुराचा मान त्याच्या घरात आज्यापासून चालत आलेला. अंगात काळे कपडे, कमरेला घुंगरू, तोंडावर काळा मुखवटा नि त्याला पांढरी लांब दाढी, हातात पिळलेला दोर. संकासूर बोलत नाही. नुसता नाचतो, पोरांच्या मागे धावतो. त्याचा दोर पाठीवर बसला की वर्षाची पीडा टळते म्हणून मोठी माणसं आपणहून पाठ पुढे करतात, बाया तान्ही पोरं त्याच्या पायावर घालतात. एरवी दादू दिसला की पदर आडवा धरणाऱ्या बायाच, दुसऱ्या कोण! आत कोण आहे ते सगळ्यांना ठाऊक, पण बोलायचं नाही. आणि खेळ संपेपर्यंत मुखवट्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा नेम. तेवढ्या दिवसांवर दादू उरलेलं वर्ष काढायचा. मला एकदा म्हणाला होता, “वैनी, ता काळा तोंड हाय म्हणून मी माणसात हाय.”

त्या साली जमाल मस्कतहून व्हिडिओ घेऊन आला. खालच्या मोहल्ल्यातला हा माणूस मनाने मोठा. शिमगा तोंडावर आला होता, मुंबईचे चाकरमानी आले होते, म्हणून त्याने दुपारी पडवीला घोंगड्या लावून काळोख केला आणि सगळ्या वाडीला बोलावलं. कॅसेटवर चिठ्ठी हिंदी पिक्चरची, आतून निघाला जुना इंग्रजी, काळा-पांढरा. आता आलोच आहोत तर बघू, म्हणून बसलो.

त्यात शिंगं फुटलेल्या पोरापोरींची एक टोळी. त्यांच्या मोटारींना बॉनेट नाही, इंजिन उघडं, आणि काम काय तर शर्यती लावायच्या. त्यांना एक ओसाड घर मिळतं, तिथं ती नाचगाणी करतात. घरात भूत. दारं आपटतं, किंचाळतं. शेवटी पोरं त्याला कोपऱ्यात गाठून मुखवटा ओढतात, तर आतून निघतो एक म्हातारा. बिचाऱ्याला राहायला जागा नाही म्हणून भूत होऊन लपलेला. पोरं पोट धरधरून हसतात आणि गाड्या उडवत निघून जातात.

बाहेर आल्यावर जो तो शहाणा. वाडीतला काशीराम म्हणाला, “पावसात इंजिनात पाणी जाईल ना रे, अक्कल नाय मेल्यांना.” पदर आडवा धरणाऱ्यांतली हौसा म्हणाली, “परक्याच्या घरात शिरतायत आणि जागेच्या राखणदाराला साधा नारळ नाय? मग भूत दारं आपटणार नाय तर काय ओवाळणार?” त्यावर जमालची आई हाजराचाची म्हणाली, “पोरी मात्र नाचतात झ्याक.” बाबल्या सगळ्यांत खूश. हा बाबल्या म्हणजे गावचे मान-निवाडे बघणारा आमचा जो गावकर रावजी, त्याचा पुतण्या. मुंबईला गोदीत कामाला, नि मिजास अशी की बोट ह्याच्याच मालकीची. म्हणाला, “शेवट एकदम फस्क्लास! भुताचं थोबाड बघितलंत?”

दादू पायरीवर बसला होता. कुणी विचारलं नव्हतं तरी बोलला. “त्या भुतान काय वाकडा केलान व्हता कुणाचा? तोंडावरचा कशाला ओढलानी?”

बाबल्याने ते नाकातून बोलून दाखवलं. सगळे हसले. हौसा तर डोळे पुसत हसली.

शिमग्याच्या दिवशी भर दुपारी खेळे रावजीच्या अंगणात आले. ढोलकी तापलेली, दादू बेभान नाचत होता. हौसाने आपला तान्हा नातू त्याच्या पायावर घातला. दादू वाकला, दोर हलकेच पोराच्या अंगाला लावला. तेवढ्यात मागून बाबल्या आला, दाढी मुठीत धरली आणि हिसका दिला.

“बघा रे, भुताचं थोबाड!”

मुखवटा त्याच्या हातात आला. दादू वाकलेलाच, घामाने भिजलेला, फाटका ओठ सगळ्यांसमोर उघडा. क्षणभर ढोलकी थांबली, आणि मग जे हसू फुटलं, शिव शिव! पोर रडायला लागलं. हौसाने ते झडप घालून उचललं आणि दादूवरच ओरडली, “मेल्या, लेकराला काय दाखवलंस ह्या!” दादूने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि वाट फुटेल तिकडे चालता झाला. मागून त्याच्या कमरेचे घुंगरू वाजत होते, त्यावरही पोरं हसली.

नेम मोडला म्हणून सगळे बसले देवीपुढे. नेम कुणी मोडला? बाबल्याचं नाव कुणी घेईना. रावजी म्हणाला, मुखवटा घट्ट बांधायचं काम ज्याचं त्याचं. देवीच्या अंगाला कळ्या चिकटवून, कुठली आधी पडते ते बघायचा कौल लावला. कौल लावणारे रावजीचे, कळ्या चिकटवणारे रावजीचे, मग कळी पडणार कुठली? मान दादूच्या घरातून गेला तो रावजीच्या घरी. मी भर सभेत म्हटलं, “लाजा वाटू देत!” माझ्या नवऱ्याने मला हाताला धरून घरी नेलं.

पुढच्या शिमग्याला संकासूर झाला बाबल्या. दारोदार फिरत दादूच्या दाराशी आला. दादू नारळ घेऊन बाहेर आला, तो दारात ठेवला, पायावर डोकं टेकलं आणि पाठ पुढे केली. बाबल्याने दोर असा हाणला की आवाज अंगणभर घुमला. दादू सरळ होऊन वळला. तेव्हा त्याला दिसलं की बाबल्याचा मुखवटा ढिला होऊन घसरायला लागलाय. आता तो खाली येणार, भर अंगणात, सगळ्यांदेखत! दादू पटकन मागे गेला, दोन्ही हात वर करून गाठ सोडली आणि पुन्हा आवळून बांधली. “आता नाचा, देवा,” म्हणाला.

“हात लावलान!” हौसा किंचाळली. “मुखवट्याला हात लावलान!”

रावजी पुढे आला. नेम म्हणजे नेम, म्हणाला. त्याच अंगणात त्याने सांगून टाकलं की या घरी यापुढे संकासूर येणार नाही आणि दादूने शिमग्यात बाहेर तोंड दाखवायचं नाही. मुखवट्याच्या आतून बाबल्या हसत होता, मला स्वच्छ ऐकू आलं. खेळे पुढच्या घरी गेले. दादूने दारातला नारळ उचलला, आत गेला आणि कडी लावून घेतली.