पास्कोल हजर होता

पावणेअकराला पास्कोलचा मेव्हणा आमच्या कचेरीच्या दारात उभा राहिला नि म्हणाला, “पास्कोल गेला.” मी चक्क हसलो. “कुठे जाणार? मस्टरवर सही आहे त्याची!” ... ते वाक्य आठवलं की आजही अंगावर काटा येतो. कारण ती सही मीच ठोकली होती. पास्कोल पहाटे सहालाच, गास गावातल्या घरी, हातात चहाचा कप असताना गेला होता.

मी तुळिंजचा, तो गासचा. वसईच्या कचेरीत अकरा वर्षं टेबलाला टेबल लावून बसलो. त्याला उशीर झाला की त्याची सही मी मारायची, मला झाला की माझी त्याने. हे छापून आलं की मेमो मिळेल, मिळू दे. या खोडीतूनच त्याला ‘हजर’ सुचली, टीव्हीसाठी तेरा भागांची मालिका. तिच्यातल्या कचेरीत माणूस येतच नाही, त्याची सही येते! खुर्चीत बसते, फायली उपसते, साहेबाच्या शिव्या खाते. माणूस मरतो, पण सही रिटायर होत नाही. रोज साडेदहाला हजर. प्रत्येक भाग तो आधी मार्सेलीनवहिनींना चुलीपाशी वाचून दाखवायचा, मग मला. “असलं कोण बघणार रे?” मी चिडवायचो. “ज्यांना घरी जायचंय ते सगळे,” तो म्हणायचा. मेला भलताच हुशार... छे, हा शब्दही आता तोंडातून काढवत नाही. टीव्हीवाल्यांनी बाड परत पाठवलं. वर शेरा: ‘अवास्तव’.

मातीच्या दिवशी त्या सहीचं मी कुणालाच सांगितलं नाही. घाबरलो होतो, दुसरं काय! चर्चमधल्या महिन्याच्या मिस्सेनंतर वहिनींनी मला अंगणात बाजूला बोलावलं. महिनाभर झोप नसल्यासारखे डोळे.

“भावोजी, तुमचा शिपाई सांगत होता, त्या दिवशी मस्टरवर ह्यांची सही हाय. म्हनजे... तसेच आले का हो ते हापिसात?” त्यांनी आवाज खाली आणला. “अजून रोज येतात?”

मी हादरलोच. शिपायाला चूक ठरवून निसटता आलं असतं. पण जीभ वळेना.

“वहिनी, ती सही माझी. मी मारली. तो आलाच नव्हता.”

आता थोबाडीत बसणार, असं वाटलं. वहिनी पायरीवर मटकन बसल्या, त्यांनी क्रुसाची खूण केली आणि पहिल्यांदाच मोकळ्या रडल्या.

“म्हनजे घरीच होते,” त्या म्हणाल्या. “सुटले.”