दसऱ्याच्या दिवशी आमचं विमान का उडालं नाही

हातातला चहा आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगायला बसले तेव्हा शेजारच्या बाईंनी हसता हसता अख्खा कप माझ्या सोफ्यावर सांडला, आणि गाढवपणा माझाच असल्यामुळे मला त्यांना काही बोलताही आलं नाही.

तर, माझ्या मालकीचं एक विमान आहे.

असे पाहू नका. तिसरा हिस्सा आहे. पण तिसरा हिस्सा म्हणजे काय फक्त शेपूट असते का?

नवीन राज्य झालं, आमचं रायपूर राजधानी झालं, तेव्हाचे ते दिवस. बूढापाऱ्यातल्या चहाच्या ठेल्यावरही लोक मंत्रालयाखेरीज बोलत नव्हते. प्रत्येकाला वाटे, आता आपणही काहीतरी मोठं करावं. त्या भरात आमच्या ह्यांनी आणि त्यांच्या दोन मित्रांनी मिळून एक जुनं, चार सीटचं विमान घेतलं. तिघांकडेही हौशी वैमानिकाचं लायसन्स. एक मित्र डॉक्टर ठवरे, शंकर नगरात दातांचा दवाखाना. दुसरे गोयल भैया, पंडरीत कापडाचं ठोक दुकान. विमानतळाच्या एका कोपऱ्यात भाड्याची शेड, देखभालीला साहू मिस्त्री, आणि पाळीपाळीने उडवायचं. रविवार ह्यांचा.

तिसऱ्या वर्षी हे गेले. त्यांचे बूट, स्वेटर, चष्मे मी एकेक करून देऊन टाकले. विमानाचा हिस्सा देववेना. का, ते विचारू नका. मलाही नीट सांगता येणार नाही.

काही महिने गेल्यावर डॉक्टर घरी आले. सोफ्याच्या कडेला टेकले आणि म्हणाले, "वैनी, राग नका मानू. एक ठेकेदार आहे, लायसन्सवाला. तुमचा हिस्सा घ्याले तयार आहे. तुम्हाले उडवता तर येत नाही. काहून हे लोढणं ठेवता गळ्यात?"

"डॉक्टर, दसऱ्यापर्यंत थांबा," मी म्हटलं. "तोवर भागीदार म्हणून मी कामाची वाटले नाही, तर स्वतः सही करून देते."

आणि मी लागले की कामाला! पंचवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय, गंमत नाही. ह्यांची विमानाची सगळी पुस्तकं काढली, लाल पेन घेऊन वाचली. प्रत्येक आकृती पाठ. डॉक्टरांच्या शेजारी बसून काटे वाचू लागले. शेडमध्ये मी नियमांची वही सुरू केली, साहूची अवजारं आकारानुसार टांगली. साहू मला पाहून पान थुंकायला बाहेर जाऊ लागला. दसऱ्यापर्यंत माझी खात्रीच पटली की ह्या विमानाला माझ्याशिवाय कोणी वाली नाही.

उजाडला दसरा. आमच्याकडे त्या दिवशी सायकलीपासून ट्रकपर्यंत सगळ्यांची पूजा होते. विमानाने काय पाप केलं? दरवर्षी हे करत, यंदा मी. डॉक्टरांनी आपली तपासणी उरकली आणि ते एका पेशंटच्या फोनवर ओरडत शेडबाहेर गेले. गोयल भैया जलेबी आणायला गेलेले. मी हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबं ठेवली. मोगऱ्याच्या अगरबत्तीसाठी काडेपेटी काढली मात्र, साहू धावत आला.

"माचिस नइ मैडम! टंकी भरे हे!"

"मला कळतं, साहू. मी विज्ञानाची आहे," मी म्हटलं. काडेपेटी पिशवीत टाकली. न पेटवताच लावायची असं ठरवलं. देवाला वास पोचल्याशी मतलब. आगीच्या बाबतीत मी किती काटेकोर, हे पाहायला तिथे कोणी हवं होतं, असंही मनात येऊन गेलं.

आता आमच्या घरची रीत अशी की अगरबत्ती कणकेच्या गोळ्यात खोचायची. गोळा मी घरून आणला होता. पण चिकटवू कुठे? चाकावर राहीना. पंखावरून घसरला. तेवढ्यात डाव्या पंखाखाली, अगदी हाताच्या उंचीवर, मला एक सुबक नळी दिसली. बोटाएवढी, पुढे तोंड केलेली. जणू विमान बनवणाऱ्याने अगरबत्तीचीच सोय करून ठेवलेली! मी कणीक अंगठ्याने आत दाबली, चांगली दाबली, आणि दोन काड्या खोचल्या. इतकं प्रसन्न वाटलं म्हणून सांगू!

पूजेनंतरच्या फेरीला निघायच्या वेळी माळ काढली, लिंबं उचलली, काड्याही काढल्या. नळी बाहेरून पदराने लख्ख पुसली. स्वच्छता म्हणजे स्वच्छता.

डॉक्टर डावीकडे, मी उजवीकडे. विमान धावपट्टीवर पळू लागलं. वेगाचा काटा वाचायचं काम माझं.

"वैनी, काटा हलला?"

"नाही."

"आता?"

"शून्य!"

"नीट पाहा नं हो!"

"डॉक्टर, पंचवीस वर्षं पेपर तपासून राहिले मी! शून्य मला ओळखता येतो!"

डॉक्टरांनी झटकन वेग तोडला, ब्रेक लावले. टॉवरने कारण विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं आणि आम्ही शेडकडे वळलो.

गोयल भैया जलेबीचा पुडा घेऊन दारात उभे. "अरे, इतनी जल्दी उतर भी गए?"

मी खाली उतरले ती सरळ फळ्यापाशी. हो, शेडमध्ये फळाही मीच लावला होता. डॉक्टर, गोयल भैया, साहू, तिघांना समोर उभं केलं आणि आकृती काढली.

"हा पंख. ही पंखाखालची नळी. विमान पळतं तेव्हा हवा हिच्यात शिरते, आणि तिच्या दाबावर वेगाचा काटा हलतो. काटा हलला नाही, याचा अर्थ काय? नळी बुजलेली आहे. नळी कशाने बुजते? कुंभारीण माशीने. मातीचं घर करते ती आत. म्हणून विमान उभं असताना नळीवर कापडी टोपी घालायची असते." इथे मी खडू गोयल भैयांकडे रोखला. "रविवारी विमान कोणी उडवलं?"

"मैंने, भाभीजी."

"टोपी कधी घातली?"

"शाम को... या शायद सोमवार को। याद नहीं पड़ रहा।"

"पाहा!"

डॉक्टर मध्ये म्हणाले, "पण वैनी, आज सकाळी मी पाहिलं नं. नळी साफ होती."

"डॉक्टर, तुम्ही दातांत पाहता. नळीचं तुम्हाला काय कळतं?"

तुम्हाला वाटेल, इथे तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला असेल. नाही हो! पूजा करणारी मी वेगळी आणि फळ्यापुढची मी वेगळी. दोघींची अजून ओळखच झाली नव्हती.

मी वही उघडली आणि सुवाच्य अक्षरात नवा नियम लिहिला: ज्या भागीदाराच्या हलगर्जीमुळे विमानाला धोका होईल, त्याने आपला हिस्सा सोडावा. खाली माझी सही. ठसठशीत. वही गोयल भैयांपुढे धरली. त्या भल्या माणसाने हातातली जलेबी ठेवली, बोटं रुमालाला पुसली आणि सही केली. "गलती मेरी हुई तो मानूंगा, भाभीजी।"

इतक्यात साहू नळी सोडवून घेऊन आला. आतून काहीतरी आकड्याने ओढलं, तळहातावर घेतलं, चिमटीत चुरलं.

"मैडम, ए माटी नो हे," तो हळूच म्हणाला. "पिसान हे।"

पीठ! मग त्याने ते नाकाशी नेलं. "मोगरा महकत हे।"

डॉक्टरांनी गोळा घेतला आणि उजेडात धरला. आयुष्यभर लोकांच्या दातांचे ठसे घेतलेला माणूस तो. "ठसा आहे बा याच्यावर. अंगठ्याचा. हळदीचा रंग बी आहे." मग माझ्याकडे वळले. "वैनी, अंगठा दाखवा बरं."

मी हात पाठीमागे घेतला. पन्नाशीची बाई, विज्ञानाची शिक्षिका, आणि चौथीतल्या पोट्टीसारखा हात पाठीमागे!

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. समोर वही उघडी होती, नियम माझा, अक्षर माझं. ठेकेदाराला आता फक्त निरोप पाठवायचा बाकी होता. मी पेन उचललं. "नियम तो नियम. कुठे सही करू सांगा. आणि गोयल भैया, मला माफ करा."

डॉक्टरांनी पेन माझ्या हातातून काढून घेतलं.

"थांबा जरा. काटा हलत नाही म्हणून ओरडलं कोण? तुमच्या जागी दुसरा असता तर म्हणाला असता, हलून राहिला वाटते. मी तं आणखी दोन सेकंद वाट पाहणार होतो. शून्याले शून्य म्हणणारा माणूस आम्हाले पाहिजेच, वैनी. फक्त त्याच्या हाती कणीक नको."

गोयल भैयांनी वहीतलं ते पान शांतपणे फाडलं, त्यावर चार जलेब्या ठेवल्या आणि माझ्यापुढे केलं. "खाइए भाभीजी। स्याही लगी है, किनारे से खाइए।"

तेव्हा कुठे हसले सगळे. मीही. बऱ्याच महिन्यांनी.

हिस्सा माझ्याकडेच राहिला, आणि मला रीतसर काम मिळालं. आता दर उड्डाणाआधी पंखाखालची नळी मी तपासते आणि वहीत सही करते. माझ्या सहीशिवाय विमान हलत नाही, एवढा मान आहे मला तिथे.

फक्त सही करण्याआधी साहू मला तपासतो. दोन्ही हात, पदर आणि पिशवी.