तुपाच्या डब्यातला तुकडा

आमच्या चंडीगढच्या क्वार्टरमध्ये दर शनिवारी संध्याकाळी मोटरसायकल सोलली जायची. सोलली हा माझा शब्द. यांना तो आवडत नसे. पण दुसरं काय म्हणणार? आठवडाभर तीच गाडी यांना प्रयोगशाळेत पोचवायची, मला मागे बसवून बाजारात न्यायची, आणि रविवारी तीच पिंजौरच्या अलीकडे नदीच्या कोरड्या पात्रात दगडगोट्यांवरून उड्या मारायची. शर्यतीसाठी वेगळी गाडी ठेवण्याइतके आम्ही कुठले लागून गेलो होतो! तेव्हा शनिवारी पुढचा दिवा उतरवायचा, आरसा उतरवायचा, चिखल अडकतो म्हणून मडगार्ड काढायचं, आणि रविवारी संध्याकाळी अंगणात बसून सगळं पुन्हा चढवायचं. सोमवारी हे इस्त्रीच्या शर्टात त्याच गाडीवरून साळसूदपणे ऑफिसला निघत.

गाडी मुळात चेक घडणीची, मैसूरला बनलेली. अडीचशे सीसीची, टू-स्ट्रोक. म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून द्यायचं. ते मिसळायचं काम माझ्याकडे होतं, कारण यांचा हात सढळ आणि मग गाडी धुराने सगळी गल्ली भरून टाकायची. मी जुन्या दुधाच्या मापाने मोजून घालत असे. दुसरं माझं काम परातीचं. काढलेला प्रत्येक नट आणि वायसर ज्या क्रमाने निघेल त्याच क्रमाने माझ्या रुखवतातल्या पितळी परातीत कडेकडेने गोल मांडत जायचं. बसवताना उलट्या बाजूने उचलत यायचं. ही युक्ती माझी. त्याआधी सगळं हे एका फडक्यात गुंडाळायचे आणि रविवारी रात्रीपर्यंत घरात आदळआपट चालायची. तरी काही ना काही उरायचंच. ते मी एका रिकाम्या तुपाच्या डब्यात टाकत असे. मी मिरजेची. आमच्याकडे खिळासुद्धा फेकत नाहीत.

पहिल्यांदा शर्यत पाहिली तेव्हा माझ्या काळजाचं पाणी झालं होतं. पंधरावीस गाड्या एकदम ओरडत सुटल्या, वाळूचा ढग उठला, आणि त्या ढगातून हे एका उंचवट्यावरून गाडीसकट हवेत गेलेले दिसले. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा हे पुढच्या वळणावर एक पाय जमिनीला लावून गाडी आडवी घालत होते, आणि चेहरा असा की तसा मी लग्नातही पाहिला नव्हता. घरात हे फार कमी बोलणारे, चार माणसांत मागे उभे राहणारे. मग माझी कटकट आपोआप कमी झाली. पुढे तर गाडीचा आवाज सेक्टरच्या वळणावरूनच मला ओळखू यायला लागला. हातातली गॅसची मूठ सोडली की ती पडपड, पडपड करायची. मी चहा टाकायची.

एका वर्षी मे महिन्यात आंधी आली. तिकडची आंधी म्हणजे भरदुपारी आकाश पिवळं पडतं आणि धुळीची भिंत चालून येते. आम्ही दोघं खिडक्या लावायला धावलो. बैठकीची खिडकी यांच्या हातून निसटली, आपटली आणि काच फुटून डाव्या हातात घुसली. मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं. तिथले डॉक्टर योगायोगाने आपल्याकडचेच निघाले. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “वहिनी, जखम भरेल. पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आता वळणार नाहीत. बाकीच्या दोन बोटांत ताकद बेताचीच राहील. हँडल धरता येईल, पण ती क्लचची दांडी सारखी ओढणं आता विसरायला सांगा.”

मी कशाला सांगते! पण यांना ते कळलंच. गाडीवर एक जुनी चादर आली आणि हे बसने ऑफिसला जायला लागले.

हाताचं दुःख मला समजत होतं. समजत नव्हतं ते हात लपवणं. हा माणूस चोवीस तास डावा हात पँटच्या खिशात घालून हिंडायला लागला. घरात पायजमा असला तर हात वर्तमानपत्राखाली. पाहुणे आले तर हात उशीखाली. गणपतीत तिथल्या मराठी मंडळाच्या आरतीला गेलो, तर सगळे टाळ्या वाजवताहेत आणि हे अगदी शेवटी, दाराजवळ, हात खिशात घालून उभे. टाळीला दोन हात लागतात आणि एक यांनी जगातून वजा केला होता. माझ्यापासूनही. रात्री कुशीवर वळले की तो हात पलीकडच्या बाजूला. मला त्याचा राग यायचा आणि रडूही यायचं, आणि दोन्ही मी कणकेवर काढायची.

दिवाळी झाल्यावर एक दिवस हे म्हणाले, “गाडीला गिऱ्हाईक मिळालंय. रविवारी येईल.”

मला दिसत होतं की गाडी त्या अंगणातून गेली, की हा माणूस त्या खिशातच राहणार.

रविवारी सकाळी बाजारातले मेकॅनिक सरदारजी आले. शर्यतीसाठी गाडी त्यांनीच घडवली होती. हँडलला आडवी पट्टी जोडणं, मागे चेनचं जास्त दातांचं चाक घालणं, सगळं त्यांचं. आता तीच गाडी गिऱ्हाइकासाठी पुन्हा सभ्य करायची होती. दिव्याचा एक स्क्रू सापडेना, म्हणून मी तुपाचा डबा परातीत पालथा केला. हे व्हरांड्यात खुर्चीवर, मांडीवर वर्तमानपत्र, त्याखाली हात.

स्क्रू मिळाला. पण परातीत बोटाच्या पेराएवढा एक पोलादी तुकडा उरला. मी विचारलं, “भाईसाहब, ये कहाँ का है?”

त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला आणि हसले. “लो जी, ये तो मैंने ही निकाला था. इस गाड़ी में गियर पैर से दबाओ तो क्लच अपने आप उठ जाता है, भाभीजी. ये पुर्जा उठाता है. रेस में उल्टा नुकसान. छलाँग में पैर छू गया तो गाड़ी की ताकत गई. इसलिए निकाल दिया.”

“मतलब, हाथ से क्लच दबाना ही नहीं पड़ता?”

“ना जी. पैर दबाके रखो, फिर आराम से छोड़ो. चल पड़ेगी.”

मी परात घेऊन तशीच उभी राहिले. मग हळूहळू व्हरांड्याकडे वळले. हे वर्तमानपत्रातून डोकं वर काढत नव्हते, आणि तेव्हाच मला कळलं. यांना हे माहीत होतं. त्यांच्याच गाडीतून, त्यांच्यासमोर तो तुकडा काढला होता. एवढे महिने यांना माहीत होतं आणि हे मूग गिळून बसले होते.

“अहो, तुम्हाला ठाऊक होतं?”

“अगं, त्याने शर्यत होत नाही,” हे खालच्या आवाजात म्हणाले. “सुटताना गाडी मागे राहते. उडीत दम जातो. शेवटचा नंबर येतो.”

“मग या शेवटचे!” मी सरदारजींसमोर ओरडले. मराठीत ओरडले, पण त्यांना सगळं कळलं असणार, कारण ते एकदम चेनमध्ये तोंड घालून बसले. “पहिले आलात तेव्हा कुणी राज्य दिलं होतं? मला काय तुमच्या नंबरासाठी हवी आहे ही गाडी? इथे माझा नवरा खिशात जाऊन बसलाय आणि तुम्ही नंबर मोजताय!”

परात कलली आणि सगळे नट एका बाजूला गोळा झाले.

मग यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं, उठले, आणि उजव्या हाताने तो तुकडा उचलून सरदारजींपुढे धरला. “लगा दीजिए,” म्हणाले. गिऱ्हाईक आलं, त्याला मी चहा आणि दिवाळीचा उरलेला चिवडा दिला. बिचारा तेवढंच घेऊन गेला.

नंतरचे दिवस गल्लीने गंमत पाहिली. पाय दाबून धरायचा आणि हळू सोडायचा, हे बोलायला सोपं. गाडी आधी बंद पडायची, मग बेडकासारखी उडी मारायची. शेजारच्या बाई म्हणाल्या, “भाईसाहब नई सीख रहे हैं?” मी म्हटलं, “हाँ जी, बिल्कुल नई.” हळूहळू यांच्या पावलाला ते जमलं. डाव्या बुटाचं नाक झिजून पांढरं पडलं, आणि मी ते बूट पॉलिश करताना उगाचच खूश व्हायची.

हिवाळ्यात शर्यत ठरली. आसपासच्या गावांतली माणसं काठावर ऊन खात, शेंगा फोडत बसली होती. झेंडा पडला आणि सगळ्या गाड्या सुटल्या. यांची तिथेच. मग पावलाने क्लच सोडला आणि गाडी निघाली, पण तोवर पुढच्यांची धूळच उरली होती. उंचवट्यावर इतर उडत होते, हे गाडी सांभाळून वर चढवून खाली उतरवत होते. प्रत्येक फेरीला शेवटचे. काठावरचा एक म्हातारा म्हणाला, “ओ पिछला भी आ गया!” लोक हसले. मीसुद्धा हसले. डोळे पुसत हसले.

शेवटच्या फेरीत पात्राचा सपाट पट्टा आला. बाकीचे केव्हाच पोचून गाड्यांवरून उतरले होते. हे एकटेच येत होते, आणि मला काठावर शोधत होते. मी दिसले तशी गाडी थोडी हळू झाली. उजवा हात गॅसवर होता, गिअर पायात होता. डाव्या हाताला आता काहीच काम उरलं नव्हतं. तो हँडलवरून सुटला, वर आला आणि हलला. एवढ्या सगळ्या लोकांसमोर, भर उन्हात, ती दोन न वळणारी बोटं सरळ उभी होती.

मी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत राहिले.